बूट कुठं काढायचे?

माझा धंदा वाकडे प्रश्न विचारण्याचा आहे. हिंगोलीतल्या एका अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत एक लांब टेबल आहे. टेबलाच्या एका बाजूला आम्ही दोघं बसतो, दुसऱ्या बाजूला एकच खुर्ची. त्या खुर्चीवर फौजदार होऊ पाहणारं पोरगं किंवा पोरगी येऊन बसते आणि मी विचारतो, "लोक चोरापेक्षा पोलिसाला जास्त का घाबरतात?" किंवा, "वरून फोन आला, आरोपी सोडा म्हणाले. काय कराल?" किंवा नुसतंच, "हसताय काहून?"

याला अभिरूप मुलाखत म्हणतात. म्हणजे खोटी मुलाखत, खऱ्या मुलाखतीची रंगीत तालीम. ज्यांच्या घरात कुणी ही परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. फौजदार व्हायचं तर आधी दोन लेखी परीक्षा, मग मैदानावर धावणं, गोळाफेक, आणि शेवटी मुलाखत. मुलाखतीला गुण चाळीसच. बाहेरच्या माणसाला वाटतं, चाळीस म्हणजे काहीच नाही. पण यादी तिथंच तुटते. वर्षानुवर्षं डांबरी रस्त्यावर पहाटे धावलेली पोरं बंद दाराआडच्या काही मिनिटांत यादीच्या आत राहतात किंवा बाहेर पडतात. हे मला अन्यायाचं वाटतं. पण अन्याय वाटला म्हणून तयारी थांबवता येत नाही, असं पोरांनीच मला शिकवलं.

या कामासाठी माझी निवड का झाली, तेही सांगायला हवं. मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे. वडील एका संघटनेचं काम करायचे. घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. माझ्या शाळेच्या पुस्तकांना उरलेल्या पत्रकांचीच कव्हरं असायची आणि अक्षरओळख मला 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून झाली. त्यातले निम्मे निषेध पोलिसांचे. तक्रार घेतली नाही, लाठीमार केला, रात्रभर बसवून ठेवलं. पुढं मीही तशीच पत्रकं लिहिली आणि अजून लिहितो. तेव्हा पोलिसांवरचे सगळे आरोप मला तोंडपाठ. अभ्यासिकेच्या मालकानं एकदा म्हटलं, "तुमी नुसतं समोर बसून शिव्या घाला. पोरांना सवय व्हईल." तसा मी या खुर्चीवर आलो.

मित्रांनी टोमणे मारले. "काय रे, आता लाठ्या मारणारे घडवून राहिलास का?" मी म्हणालो, हो. ती जागा कुणीतरी भरणारच आहे. ठाण्याच्या पायरीवर ताटकळत बसणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं ती भरावी. गरिबाला सरकार दिल्लीत दिसत नाही. त्याच्या दारात जो पहिला माणूस येऊन उभा राहतो तो म्हणजे सरकार. तो माणूस कोण असेल, यासाठी भांडायला मला आणखी कुठली जागा दिसत नाही.

टेबलावर माझ्या शेजारी बसतात ते खंदारे साहेब. पोलिसातून निवृत्त झालेले, वसमतला राहतात, एस.टी.नं येतात. तपकिरी बूट इतके चमकवलेले की त्यात पंखा फिरताना दिसतो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि वडिलांचं नाव विचारलं.

"तुझ्या बापाचा पत्रकांचा गठ्ठा मीच जप्त केला होता. मोर्चाच्या दिवशी."

"मग वाचलीत का?"

"वाचली ना. शुद्धलेखन चांगलं होतं."

तेव्हापासून ते मला 'पत्रकवाले' म्हणतात. आमचं एकमत सहसा होत नाही आणि त्याचाच पोरांना फायदा होतो.

या टेबलावर मी जी माणसं पाहिली, तशी मला एकाही सभेत दिसली नाहीत. पुसेगावचा गजानन आला. 'पोलिसातच का?' या प्रश्नाला सगळे देतात तेच उत्तर त्यानंही दिलं, "लहानपणापासून वर्दीचं आकर्षण." या वाक्यावर मी बंदी घातलेली आहे. मी विचारलं, "वर्दीतलं नेमकं काय आवडतं?" तो खरं बोलून गेला. "खिसे, सर. आमच्या बाच्या सदऱ्याला एकच खिसा हाये अन् तोबी उसवलेला." खंदारे साहेब हसता हसता खोकले. मी मात्र त्याला सांगितलं, हेच सांग. कारण पुढं तो आपणहून म्हणाला होता, "पण साहेब, खिसे जास्त असले की त्यात कोण काय टाकून राहिलं ते बघावं लागतं." लाचलुचपतीवर याहून चांगलं उत्तर मी छापलेलं पाहिलेलं नाही.

वसमतच्या एका पोराच्या घरी हळद शिजवणं चालू होतं. तसाच उठून आला, नखांपर्यंत पिवळा. "सर, हात टेबलाखाली ठेवू का?" खंदारे साहेब म्हणाले, "वर ठेव. ठसे घ्यायला सोपे."

बोलीवरून आमचं भांडण ठरलेलं. पोरं म्हणतात, "मी तयारी करून राहिलो." साहेब म्हणतात, "करत आहे, असं म्हण." मी म्हणतो, कशाला? हे काय चुकीचं मराठी आहे? ज्या लोकांत हा फौजदार म्हणून जाणार, ते असंच बोलणार आहेत. शेवटी तह झाला. शब्द बदलायचा नाही, पुटपुटणं बदलायचं.

पण दोन गोष्टींवर आमचं एकमत होतं. एक, मुलाखत घेणाऱ्या मंडळाला उलटा प्रश्न विचारायचा नाही. ते विचारतात, आपण सांगायचं. आणि दुसरी गोष्ट चपलांची.

आमच्याकडचं प्रत्येक पोर दारात थांबतं. 'येऊ का सर?' म्हणायच्या आधी त्याचा एक पाय दुसऱ्या पायाच्या टाचेवर गेलेला असतो. पाय मेंदूला विचारत नाही. घर असो, शाळा असो, देऊळ असो, आत जायचं तर पायताण बाहेर. खऱ्या मुलाखतीला मात्र बूट घालून चकचकीत फरशीवरून चालत जायचं असतं. दारातच जो अडखळला तो खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर अर्धा झालेला असतो. म्हणून आम्ही पोरांना बूट घालून आत यायला शिकवतो. गंमत अशी, की अभ्यासिकेच्या मालकानं त्याच दारावर पाटी लावली आहे, 'चपला बाहेर काढाव्यात.' आणि झाडणाऱ्या मावशी ती पाटी कायद्यासारखी पाळायला लावतात. आत आम्ही ओरडतो, "बूट घालून या!" बाहेर मावशी ओरडतात, "बूट काढा आधी!" एका पोरानं एक बूट काढून मध्यममार्ग काढला होता.

या सगळ्यात सविता राठोड आली.

साखऱ्याच्या पलीकडं तिचा बंजाऱ्यांचा तांडा. मागच्या वेळी तिनं लेखी चांगली दिली, मैदान गाजवलं आणि मुलाखतीत तांड्याविषयी काहीतरी विचारल्यावर गप्प बसली. ती जी बसली ती बसलीच. यादीबाहेर गेली. आता वयाची मर्यादा जवळ आलेली, त्यामुळं ही शेवटची संधी. पुन्हा गप्प बसली तर विषय संपला. हे तिला माहीत होतं, आम्हालाही.

पहिल्या दिवशी ती दारात थांबली, नवे काळे बूट काढले, जोडीनं भिंतीला लावले आणि मोज्यांवर आत आली.

"बूट घालून या," मी म्हणालो.

ती परत गेली. घालून आली. पण चालताना असं पाऊल टाकत होती, जणू खाली लेकरू झोपलंय.

मी माझं काम सुरू केलं. "तुम्ही तांड्यावरून आलात. शेजारच्या गावात चोरी झाली, तर पोलीस पहिल्यांदा कुठं जातात?"

ती गप्प.

"उत्तर द्या," खंदारे साहेब म्हणाले.

"आमच्याकडं," ती म्हणाली.

"काहून?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं. "ते तुमीच सांगा सर. पोलीस तर तुमच्या बाजूला बसलेत."

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उलटा प्रश्न! तिथं असं बोललीस तर गेलीस. पुन्हा ये."

ती बाहेर गेल्यावर आमची जुंपली. मी म्हणालो, "खरं बोलली ती. खऱ्याला गुण नाहीत का?"

"खऱ्याला हायेत. रागाला न्हाईत. तिनं म्हणावं, आता परिस्थिती बदलली, समाज शिकत आहे, पोलीस-जनता संबंध सुधारले. संपलं."

"हे तर सरकारी पत्रक झालं."

"अन् तू तिच्या तोंडात तुझं पत्रक कोंबू नको."

मी ऐकलं नाही. घरी जाऊन तिच्यासाठी एक उत्तर लिहिलं. शिक्के, संशय, इतिहास, राज्यघटना, सगळं त्यात होतं. आजही सांगतो, उत्तर चांगलं होतं. तिनं ते उभ्यानं वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"सर, लई भारी हाये. पण हे तुमचं हाये. मी बोलायला लागले तर आवाज तुमचा येईल."

आम्ही खाली चहाच्या टपरीवर गेलो. मी तिथं विचारलं, टेबलावर विचारतो तसं नाही, साधं. "तुला फौजदार काहून व्हायचंय?"

"सांगितलं तर हसाल."

"हसलो तर चहा माझा."

तिनं आपल्या बुटाकडं बोट केलं. ती लहान असताना शेजारच्या गावातल्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. पोलिसांची गाडी तांड्यावर आली. तिच्या आईनं, तांड्यात आईला याडी म्हणतात, त्याच दिवशी घर सारवलेलं. ओलं होतं. पोलीस बुटांसकट आत गेले. मडक्यांची उतरंड खाली काढली, धान्याच्या कणगीत काठी घातली, गोधड्या अंगणात फेकल्या. ओल्या भुईवर बुटांचे ठसेच ठसे. आणि सगळ्यात शेवटी एक शिपाई आला, तरुण. दारात थांबला. वाकून बूट काढले.

"त्याच्या मोज्याला भोक होतं सर. अंगठा बाहेर. आमी पोरं फिदीफिदी हसलो. त्यानंबी झडती घेतली, सोडली न्हाई. पण जाताना त्यानं दोन गोधड्या उचलून घडी घालून ठेवल्या. मोटार आमच्याकडं नव्हतीच. याडी त्या बुटांबद्दल कधीच बोलत न्हाई. अजून कुणी आलं की त्या मोजेवाल्याचंच सांगते. म्हणते, एक माणूस आला होता."

मी हसलो नाही. तरी चहाचे पैसे मीच दिले.

हे मी खंदारे साहेबांना सांगितलं आणि चेष्टेनं विचारलं, "तो शिपाई तुम्हीच नव्हता ना?"

ते बुटाच्या टोकाकडं बघत राहिले. "न्हाई. मी कधी काढले न्हाईत." वसमतची गाडी लागायला अवकाश होता, तरी उठून स्टँडकडं गेले.

पुढच्या वेळी आले ते वेगळ्याच तयारीनं. सविता खुर्चीत बसायच्या आत त्यांनी प्रश्न टाकला. "घरात आरोपी दडलाय. हातात कोयता असल, नसल. तू दारात बूट काढत बसशील?"

"न्हाई साहेब."

"मग तुझ्या मोजेवाल्याचं काय?"

ती अडकली. साहेबांनी सोडलं नाही. पळून जाणाऱ्याच्या मागं अनवाणी कसं जाशील? झडतीला पंच लागतात, त्यांना काय सांगशील? घरात बाई एकटी असल तर? आत बाळंतीण असल तर? ती उत्तरं देत गेली, चुकत गेली, साहेब झापत गेले. मी पहिल्यांदाच त्या टेबलावर गप्प बसलो होतो. पोलिसाच्या कामाचा धोका त्यांना माहीत होता आणि भुईवर पडलेल्या ठशाचं दुःख तिला. दोघं मिळून काहीतरी घडवत होते आणि त्यात माझ्या पत्रकातला एक शब्दही नव्हता.

खरी मुलाखत झाल्यावर ती थेट आमच्या खोलीत आली आणि दारापासून सगळं करून दाखवलं.

दारात व्हायचं तेच झालं. इतक्या तालमी करूनही तिचा उजवा पाय डाव्या टाचेवर गेला. तिनं तो आवरला, पण मधोमध बसलेल्या अध्यक्षांनी पाहिलं.

"काय झालं? बूट चावतो का?"

"न्हाई सर. सवय. आमी घरात बूट घालून जात न्हाई."

"हे घर आहे का?"

"न्हाई सर. म्हणून घालून आले."

मंडळ हसलं. ती बसली. मग अध्यक्षांनी तो धागा सोडलाच नाही. "उद्या झडतीला लोकांच्या घरात जाल, तेव्हा बूट कुठं काढाल?"

ती म्हणते, तिला साहेबांचं झापणं ऐकू आलं. ती म्हणाली, "सर, आत धोका असेल तर बूट घालूनच जाईन. सोबतच्या माणसांचा जीव माझ्यावर आहे. पण धोका न्हाई हे दिसल्यावर चुलीकडं जायच्या आधी घरच्या बाईला विचारीन. झडती पूर्ण घेईन, काही सोडणार न्हाई. अन् जे उचकटलं ते जागेवर ठेवूनच निघेन."

बाजूच्या एका सदस्यानं विचारलं, "हे कुठल्या नियमात लिहिलंय?"

"कुठंच लिहिलं न्हाई सर. पण करू नका, असंबी लिहिलं न्हाई."

मग तिला विचारलं, हे सुचलं कुठून. आणि मागच्या वेळी जिथं ती गप्प बसली होती, तिथं या वेळी तिनं तांडा सांगितला. मोटार, कणगी, ठसे, भोक पडलेला मोजा. राग न करता आणि काही न लपवता. खंदारे साहेब ऐकताना नुसती मान हलवत होते. "बराबर," म्हणाले. "बराबर."

यादी लागली त्यात सविता होती. तांड्यावर काय झालं असेल ते सांगत नाही. अभ्यासिकेत मावशींनी तिला दारावरच्या पाटीसकट सगळं माफ केलं.

प्रशिक्षण झालं, दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक झाली. मध्ये बरेच महिने फोन नव्हता. परवा आम्ही टेबलावर बसलो होतो, दारात एक नवं पोरगं घामाघूम उभं, आणि तिचा फोन आला.

"सर, साहेब हायेत का तिथं? फोन मोठा करा."

मी फोन टेबलावर ठेवला. खंदारे साहेब वाकले. "बोल, बाई."

"काका, पहिली झडती घेतली." साहेबांना ती कधी काका म्हणायला लागली, मला कळलं नव्हतं. "गाड्या चोरणारं पोरगं. घरातच दडलं होतं. बूट काढायला येळच भेटला न्हाई."

"बराबर केलं."

"सापडलं. पण काका, घर सारवलेलं होतं. ओलं. आमी पाचजण आतबाहेर. सगळी भुई नासली."

साहेबांनी बूट खुर्चीखाली ओढून घेतले.

"उचकटलेलं जागेवर ठेवलं. गोधड्या घडी केल्या. त्याची आई कोपऱ्यात उभी होती. मी तिला विचारलं, माय, पोतेरं कुठं हाये?"

शहरातल्या वाचकांसाठी, पोतेरं म्हणजे सारवायचं फडकं. फौजदाराच्या तोंडी हा शब्द आजवर 'तुझं पोतेरं करीन' असाच आला असेल.

"हवालदार हसले असतील," मी म्हणालो.

"हसले की. एकजण म्हणला, मॅडम, वर्दी खराब व्हईल. मी म्हणलं, होऊ दे, धुता येते."

"मग बाईनं दिलं का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई दिलं. बादलीवर हात ठेवून उभी राह्यली. म्हणली, भुई मी सारवते बाई, तुमी फक्त माझ्या लेकराला मारू नका."

दारातल्या पोरानं टाचेवर गेलेला पाय तसाच धरून ठेवला होता. साहेबांनी फोन जवळ ओढला आणि नोकरीत त्यांना बहुधा कुणीच कधी विचारलं नसेल ते विचारलं.

"मग, मारलं का?"

"काहून मारीन, काका?"

उलटा प्रश्न विचारायचा नाही, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. या वेळी साहेबांनी तिला टोकलं नाही.